रक्तस्राव, वेळ आणि एक स्वस्त औषध

वार्षिक अहवालाची जुळवाजुळव सुरू झाली, की देणगीदारांकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘यंदा रुग्णालयाला कोणते यंत्र हवे आहे?’ हा प्रश्न आपुलकीचा असतो व त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्यही आहे. यंत्र डोळ्यांना दिसते, त्यावर दात्याच्या मातापित्यांच्या नावाची पाटी लावता येते, उद्घाटनाचे छायाचित्र अहवालात छापता येते. दुसरा एक प्रश्न रुग्णांच्या नातेवाइकांकडून येतो, आणि तो रागाचा असतो : ‘आमचा माणूस रक्तबंबाळ झालेला असताना तुमचे लोक अपघात किती वाजता झाला, याची चौकशी काय करीत बसतात?’

या दोन्ही प्रश्नांचा संबंध एकाच औषधाशी पोहोचतो. त्याचे नाव ट्रानेक्झामिक ॲसिड. बोटभर लांबीच्या काचेच्या कुपीत मिळणारे हे औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि शासनाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहे. मासिक पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होणाऱ्या अनेक भगिनींनी त्याच्या गोळ्या घेतलेल्याही असतील. मात्र अपघात, प्रसूती आणि शस्त्रक्रिया या तिन्ही प्रसंगी त्याचा नेमका किती उपयोग होतो, हे २०१० पासून झालेल्या मोठ्या चाचण्यांतूनच स्पष्ट होत गेले. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. लेखक वैद्यकाचा नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे आकडे ज्या दृष्टीने वाचण्याची सवय आहे, त्याच दृष्टीने हे संशोधन वाचले आहे.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. रक्तवाहिनी फाटली की तेथे फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते, त्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी तयार होऊन छिद्र बुजते. जखम भरून आल्यावर ही गुठळी तेथेच राहिली तर रक्तप्रवाह अडेल. म्हणून निसर्गाने ते जाळे कातरण्याचीही सोय केली आहे. ही कात्री म्हणजे प्लाझ्मिन. एरवी ती आपले काम सावकाश करते. परंतु मोठा आघात झाला, की कित्येक रुग्णांत ही कात्री वेळेआधीच आणि अनावर चालू लागते. एकीकडे शरीर जाळे विणते आहे आणि दुसरीकडे स्वतःच ते कातरते आहे, अशी विपरीत अवस्था उद्भवते. बाहेरून कितीही रक्त चढवले तरी ते टिकत नाही. ट्रानेक्झामिक ॲसिड नवीन गुठळी निर्माण करीत नाही. कात्रीला धागा पकडण्यासाठी जी खाच लागते, त्या खाचेत ते जाऊन बसते. कात्रीला धागा पकडताच येत नाही. विणलेले जाळे टिकावे, एवढेच त्याचे काम.

या औषधाचा शोध जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये संशोधनासाठी पैसा नव्हता, साहित्य नव्हते. त्या दोघांनी रक्ताचा विषय निवडला त्यामागे एक अगदी व्यवहारी कारण होते : रसायने कमी पडली तरी स्वतःचे रक्त तर काढता येईल! मुलीला सांभाळायला कोणी नसल्याने उताको तिला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करीत. १९६२ मध्ये त्यांनी ट्रानेक्झामिक ॲसिडविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. बाळंतपणात रक्तस्रावाने दगावणाऱ्या स्त्रियांसाठी ते वापरून पाहावे, अशी उताकोबाईंची तळमळ होती. परंतु तशी चाचणी करण्यास त्यांना त्यांच्या देशातील डॉक्टरांचे मन वळवता आले नाही. पुढे हे औषध दात काढताना, पाळीच्या तक्रारींत, हृदयशस्त्रक्रियेत वापरात आले. ज्या प्रसंगी माणूस रक्तस्रावाने प्रत्यक्ष मरतो, त्या प्रसंगी ते द्यावे की नाही, हा प्रश्न जवळजवळ अर्धशतक तसाच राहिला.

तो प्रश्न हाती घेतला लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील प्रा. इयान रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांच्या आधीच्या एका चाचणीचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, कारण चाचण्यांवर इतका पैसा आणि इतकी वर्षे का घालवायची, या शंकेचे उत्तर तीत आहे. डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णांना स्टेरॉईडची इंजेक्शने देण्याची प्रथा जगभर कित्येक वर्षे रूढ होती. मेंदूची सूज उतरेल, असा तर्क त्यामागे होता व तो ऐकायला पटणाराही होता. ‘क्रॅश’ या नावाच्या चाचणीत १०,००८ रुग्णांवर तो तर्क तपासून पाहिला गेला. २००४ साली निकाल आला : दोन आठवड्यांत स्टेरॉईड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे उपाय समजून जे दिले जात होते तेच मृत्यू वाढवीत होते. एखाद्या रुग्णालयातील एखाद्या अनुभवी डॉक्टरला हे कधीच कळले नसते. शंभरात तीनचा फरक उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी हजारोंची मोजदाद करावी लागते.

त्यानंतर झालेली ‘क्रॅश-२’ ही चाचणी ट्रानेक्झामिक ॲसिडविषयी होती. अपघाताने वा हिंसाचाराने जखमी होऊन मोठा रक्तस्राव होत असलेले, किंवा होण्याचा धोका असलेले २०,२११ प्रौढ रुग्ण तीत घेण्यात आले. ४० देशांतील २७४ रुग्णालये सहभागी होती आणि त्यांत आपल्या देशातील रुग्णालयेही होती. निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना हुबेहूब तशाच कुपीतील निरुपद्रवी द्रावण देण्यात आले. कोणाच्या वाट्याला काय आले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही; वाटणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे झालेली. हिशेबतपासनीस जसा संस्थेच्या नावलौकिकाकडे न पाहता फक्त पावत्या तपासतो, तसाच हा प्रकार. २०१० मध्ये ‘दि लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध न मिळालेल्या १०,०६७ रुग्णांपैकी १,६१३ दगावले; औषध मिळालेल्या १०,०६० पैकी १,४६३. टक्केवारीत मांडायचे तर १६.० विरुद्ध १४.५.

दीड टक्का ऐकून कोणी म्हणेल, एवढ्यासाठी केवढा हा खटाटोप! परंतु दीड टक्का म्हणजे सुमारे ६७ रुग्णांना औषध दिले असता त्यांतील एकाचा प्राण वाचतो. आता ६७ रुग्णांच्या या औषधाचा एकूण खर्च काढावा व तो अतिदक्षता विभागातील एका रुग्णाच्या काही दिवसांच्या बिलाशी ताडून पाहावा. जमाखर्चाच्या वहीत इतकी लाभदायक नोंद क्वचितच सापडते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपघातातील रक्तस्रावासाठी या औषधाचा आपल्या अत्यावश्यक यादीत समावेश केला.

खरी महत्त्वाची गोष्ट मात्र पुढेच आहे. त्याच चाचणीतील आकड्यांची, इजा झाल्यापासून किती वेळाने औषध मिळाले यानुसार पुन्हा विभागणी करण्यात आली. पहिल्या तासाभरात उपचार झालेल्यांमध्ये रक्तस्रावाने मृत्यूचे प्रमाण औषध मिळालेल्या गटात ५.३ टक्के, तर न मिळालेल्या गटात ७.७ टक्के होते. एक ते तीन तासांच्या गटात ४.८ विरुद्ध ६.१. आणि तीन तासांनंतर? ४.४ विरुद्ध ३.१. शेवटचे दोन आकडे नीट पाहावेत. येथे पारडे फिरले आहे : उशिरा औषध मिळालेल्यांत मृत्यू अधिक झाले. जे औषध पहिल्या तासात तारक, तेच चौथ्या तासात मारक ठरू शकते. पुढे २०१८ मध्ये अपघात व प्रसूती या दोन्ही चाचण्यांतील ४०,१३८ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून असे आढळले, की औषध देण्यास होणाऱ्या प्रत्येक १५ मिनिटांच्या विलंबागणिक त्याचा लाभ सुमारे १० टक्क्यांनी घटत जातो आणि तीन तासांनंतर तो उरतच नाही.

नातेवाइकांच्या त्या रागाच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. अपघात विभागातील परिचारिका ‘किती वाजता झाले?’ असे विचारते, ते केसपेपरचा रकाना भरण्यासाठी नव्हे. त्या एका उत्तरावर औषध द्यायचे की नाही हे ठरते. ‘मघाशी’, ‘दुपारच्याला’, ‘आम्हाला फोन आला तेव्हा’ अशी उत्तरे मिळाली, की डॉक्टरांना अंदाजाने निर्णय घ्यावा लागतो.

पंधरा मिनिटांचा हिशेब एकदा मान्य केला, की रुग्णालयाच्या दाराबाहेरची व दाराआतली प्रत्येक खोळंब्याची जागा डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तरीही घाटरस्त्यावर किंवा आडगावी पहिला अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ, वाटेतच जातो. रस्त्यावर जखमी दिसूनही पोलीस-कोर्टाच्या भीतीने लोक पुढे होत नसत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही ती तरतूद आली : जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. कायदेशीर सोपस्कार होईपर्यंत जखमीवरील उपचार थांबवता येत नाहीत, हे तर त्याच न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले होते. २०२५ मध्ये केंद्र शासनाने रस्ता अपघातातील जखमींसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. प्रशासनाच्या दृष्टीने या सर्वांचा अर्थ एकच, की पैशाची खिडकी आणि उपचाराची खाट यांचा एकमेकींशी संबंध पहिल्या तासात येता कामा नये. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली, हे ध्यानात घेता ही बाब किरकोळ नव्हे.

आता प्रसूतीकडे वळू. उताकोबाईंना हवी असलेली चाचणी अखेर ‘वुमन’ या नावाने झाली. २१ देशांतील १९३ रुग्णालयांत, प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेल्या २०,०६० स्त्रियांचा तीत समावेश होता. रक्तस्रावाने मृत्यू औषध न मिळालेल्या गटात १९१, मिळालेल्या गटात १५५ झाले. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत हा फरक आणखी ठळक, म्हणजे १.७ विरुद्ध १.२ टक्के होता. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मात्र कमी झाले नाही, हेही त्याच अहवालात प्रांजळपणे नमूद आहे. हे निष्कर्ष २०१७ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाले. उताको ओकामोतो यांचे निधन २०१६ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी झाले होते.

प्रसूतीतील अडचण औषधाची नसून ओळखण्याची आहे. बाळंतिणीचे रक्त चादरीत, गादीत, बोळ्यांत जिरते. किती गेले हे नजरेने सांगणे अनुभवी सुईणीलाही साधत नाही. या बाबतीत आपल्या सीमेलगतच्या बेळगावचे काम जगाला उपयोगी पडले, हे आवर्जून सांगावेसे वाटते. तेथील जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या सहभागाने बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी झाली व २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या चाचणीत बाळंतिणीच्या खाली पसरण्याची प्लॅस्टिकची चादर वापरली गेली. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. रक्त पिशवीत जमते व किती गेले ते वाचता येते. नजरेचा अंदाज या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी पडतो, असे त्याच गटाने दाखवून दिले.

अशाच प्रकारच्या मापाच्या चादरीवर आधारलेली ‘ई-मोटिव्ह’ ही चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत, दोन लाख दहा हजारांहून अधिक प्रसूतींच्या नोंदी तीत आहेत. चादरीमुळे रक्तस्राव वेळीच ओळखायचा आणि मग गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकुंचित करणारे औषध, ट्रानेक्झामिक ॲसिड, सलाईन व तपासणी हे सर्व एकामागून एक वाट न पाहता एकत्रच सुरू करायचे, अशी ती पद्धत. अतिरक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेले. आणि गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या उपचारांतील ४.३ टक्क्यांच्या तुलनेत १.६ टक्के राहिले. या साऱ्या यशात नवे औषध एकही नाही. एक पिशवी असलेली चादर, आणि सगळे साहित्य एका ट्रॉलीवर. ‘कोणते यंत्र हवे?’ या प्रश्नाचे आमचे यंदाचे एक उत्तर या चादरींचा वर्षभराचा साठा हे आहे. तिच्यावर नावाची पाटी लावता येणार नाही, ही अडचण दाते समजून घेतील अशी आशा आहे.

शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉईज-३’ या चाचणीत हृदयाखेरीज अन्य शस्त्रक्रियांच्या ९,५३५ रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला व शेवटी हे औषध दिले असता मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण ११.७ वरून ९.१ टक्क्यांवर आले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या दुष्परिणामांत लक्षणीय वाढ दिसली नाही. तथापि त्या दृष्टीने औषध पूर्णतः निर्धोक आहे, असे सिद्ध करण्याइतका पुरावाही मिळाला नाही. त्यामुळे कोणाला द्यायचे हा निर्णय शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ रुग्णागणिक घेतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्तदान शिबिरे मंदावतात व रक्तपेढ्यांतील साठा खालावतो, तेव्हा वाचलेल्या प्रत्येक पिशवीचे मोल आम्हा प्रशासकांना वेगळे समजावे लागत नाही.

इतके वाचून हे औषध म्हणजे रामबाण, असा समज होऊ नये. ‘वुमन-२’ या २०२३ च्या चाचणीत पंडुरोगी मातांना रक्तस्राव होण्याआधीच, केवळ प्रतिबंध म्हणून ते देऊन पाहिले. काहीही फरक पडला नाही. २०२० च्या ‘हॉल्ट-इट’ या चाचणीत जठर-आतड्यांतील रक्तस्रावाच्या १२,००९ रुग्णांत मृत्यू कमी झाले नाहीतच, उलट शिरांत गुठळ्या होणे व झटके येणे यांत वाढ झाली. डोक्याला मार लागलेल्यांच्या ‘क्रॅश-३’ चाचणीत सौम्य व मध्यम इजांमध्ये उपयोग दिसला, अतिगंभीर इजांमध्ये दिसला नाही. आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व जर्मनी येथे रुग्णवाहिकेतच औषध सुरू करणाऱ्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने एक अवघड प्रश्न पुढे ठेवला : २८ दिवसांतील मृत्यू कमी झाले, परंतु सहा महिन्यांनी स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. प्राण वाचले, मात्र वाचलेल्यांपैकी कित्येकांना दीर्घकाळ आधार लागला. फिजिओथेरपी विभागासाठी मागितलेला निधी जेव्हा दुय्यम वाटतो, तेव्हा हे आकडे समोर असावेत.

शेवटी एक बाब थेट आमच्या भांडाराशी संबंधित आहे. पाठीच्या कण्यात भूल देण्यासाठी ब्युपिव्हाकेन हे औषध वापरतात. त्याची आणि ट्रानेक्झामिक ॲसिडची कुपी काही उत्पादकांची इतकी सारखी असते, की घाईत एक समजून दुसरी उचलली जाते. ट्रानेक्झामिक ॲसिड चुकून कण्यात गेले तर तीव्र झटके येतात, हृदयाची लय बिघडते. अशा ज्ञात घटनांतील सुमारे निम्मे रुग्ण दगावले आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याविषयी सर्व देशांना धोक्याची सूचना दिली. म्हणून आपल्या शस्त्रक्रियागृहात ही कुपी भुलेच्या ट्रेमध्ये ठेवली जात नाही; तिचा खण वेगळा, लेबल समोर दिसेल अशी मांडणी, आणि खरेदी करताना दोन्ही कुप्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय नव्या पुरवठादाराची निविदा मंजूर करायची नाही. चार पैसे स्वस्त मिळते म्हणून दिसायला सारखी कुपी घेणे, हे या बाबतीत परवडणारे नाही.

हे औषध शिरेतून द्यावे लागते आणि रक्त फार गेलेल्या रुग्णाची शीर सापडता सापडत नाही. दंडात किंवा मांडीत, स्नायूत इंजेक्शन दिले तर चालेल का, हे पाहणारा एक छोटा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. जखमी रुग्णांच्या रक्तात औषधाची पुरेशी पातळी १५ मिनिटांच्या आत आल्याचे त्यात आढळले. मृत्यू कमी होतात की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा हजारो रुग्णांची मोजदाद लागेल. तोवर आपल्या अपघात विभागाच्या दारावर मोठे घड्याळ आहे आणि केसपेपरच्या पहिल्या ओळीत, नावाच्याही आधी, इजा झाल्याची वेळ लिहिण्याची जागा आहे. जखमीला घेऊन येणाऱ्याने, तो नातेवाईक असो वा रस्त्यावरचा अनोळखी माणूस, तेवढी एक वेळ आठवून सांगावी.